53 दिवस

कोलकाता. 1977 साल सरत आलंय. वीज आत्ताच येऊन गेली. इथे लोडशेडिंगचं कुणाला काही वाटत नाही. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही, आणि तुम्हालाही डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या समोरच्या कुपीत काही दिसत नाही. आत आठ पेशींचा मानवी भ्रूण आहे. आता तो गोठवायचा आहे.

खरी धास्ती थंडीची नाही, पाण्याची. पेशीतलं पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक तिच्या चिंधड्या उडवतात. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली आठवा. म्हणून कुपीत डीएमएसओ हे रसायन घातलंय. ते पेशीत शिरतं आणि स्फटिकांना आवर घालतं. शेजारी डॉ. सुनीत मुखर्जी आहेत, जादवपूर विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकवणारे. खाण्याचे पदार्थ टिकवण्याच्या विद्येतला माणूस इथे, हे मला फार आवडतं.

पण गोठवायचंच कशाला? तुम्ही मनात विचारता. औषधं देऊन एकदम अनेक बीजं पिकवली, की त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर भ्रूण रुजवायला नीट तयार नसतं. इंग्लंडमध्ये याच प्रयत्नात असलेले एडवर्ड्स आणि स्टेप्टो औषधं सोडून निसर्गतः पिकणाऱ्या एकाच बीजामागे लागलेत. सुभाषबाबूंचा हिशेब वेगळा: भ्रूण थांबेल, शरीर पूर्वपदावर येऊ दे. आज जगभरची केंद्रं सर्रास हेच करतात.

53 दिवस. मधे कॅलेंडर बदलतं. भ्रूण वितळवून आईच्या गर्भाशयात ठेवतात.

3 ऑक्टोबर 1978. मुलगी झाली. पूजेचे दिवस, नाव पडतं दुर्गा. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, इंग्लंडची लुईस ब्राऊन, जुलैत जन्मलीय. पण ती कधी गोठलेली नव्हती.

नोव्हेंबरात तुम्ही सुभाषबाबूंच्या दाव्याची चौकशी करणाऱ्या समितीच्या खोलीत असता. हे तंत्र हाताळलेलं कुणीही समोर बसलेलं नाही. दावा बोगस ठरतो. पुढच्या वर्षी जपानमध्ये जाऊन काम मांडायलाही परवानगी मिळत नाही. मग 1981 च्या जूनमध्ये हार्मोनवर आयुष्य घालवलेल्या या माणसाची बदली नेत्रसंस्थेत होते. 19 जूनला ते जीव देतात. त्या खोलीत तुम्ही जाऊ नका.

1997. पुन्हा कोलकाता. आता सुभाषबाबूंच्या कागदांवर डॉ. टी. सी. आनंद कुमार वाकलेत. मुंबईत केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 ला जन्मलेलं, देशातलं पहिलं म्हणून गाजलेलं टेस्ट ट्यूब बाळ त्यांच्या आणि डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांचं फळ. हे कागद बाजूला सारले, तर तो मान तसाच राहणार आहे. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून पाहताय. ते पुन्हा पहिल्या पानावर जातात, सावकाश वाचतात. मग लेख लिहायला घेतात: पहिला मान सुभाष मुखोपाध्यायांचा.