हरकतीची वेळ

मतमोजणी म्हटली की लोकांना गुलाल आठवतो. मला एक टेबल आठवते.

कागदी मतपत्रिकांच्या काळात इथे नाशिकला एका मित्राचा प्रतिनिधी म्हणून मी पालिकेच्या मोजणीला बसलो होतो. एका मतपत्रिकेवरचा शिक्का दोन चिन्हांमधल्या रेषेवर उमटला होता. शंका आली, पण एका मताने काय होते, असे म्हणून मी गप्प राहिलो. मित्र थोडक्यात हरला. मग बाहेर चहाच्या टपरीवर मी तावातावाने बोललो. त्या बोलण्याला आता काही किंमत नव्हती.

१९५१-५२ आणि १९५७च्या सार्वत्रिक निवडणुकांत हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. पुढे सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आली, शिक्का आला, आणि शिक्क्यासोबत वादही आला.

लोकसभा-विधानसभेसाठी १९६१च्या नियमांनी या वादाला जागा आणि वेळ नेमून दिली. मतांची बेरीज जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी फेरमोजणीचा अर्ज करू शकतो; पण तो लेखी हवा आणि त्यात कारणे हवीत. निवडणूक निर्णय अधिकारी तो मान्य करील किंवा फेटाळील, मात्र का, ते त्यालाही लिहावे लागते. निकालपत्रकावर त्याची सही झाली की हे दार बंद.

मग उरते न्यायालय. पूर्वी निवडणूक याचिका न्यायाधिकरणापुढे चालत. १९६६च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयात जातात. मुदत ४५ दिवसांची. त्या निकालावर ३० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील.

२०२४ साली वायव्य मुंबईत काय झाले पाहा. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते : ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. संशय पुरत नाही. निकाल नेमका कशाने बदलला, हे याचिकेत ठोस मांडावे लागते.

त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात मालेगाव मध्य विधानसभेचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. दोन्ही उमेदवारांना लाखाच्या वर मते होती. एका मताने काय होते, असे त्या रात्री तिथे कोणी म्हणाले असेल असे वाटत नाही.

हरकत घेणारा माणूस आपल्याला भांडखोर वाटतो. माझे मत आता उलटे झाले आहे. वेळेवर, कागदावर, कारणासह घेतलेली हरकत म्हणजे मोजणीवरचा विश्वासच. ती मान्य झाली तर चूक दुरुस्त होते. फेटाळली गेली तरी हरलेल्याला उत्तर मिळते आणि तो शांतपणे घरी जाऊ शकतो. गप्प बसून नंतर ओरडणाऱ्याला मात्र दोन्ही मिळत नाही.

ती मतपत्रिका कोणाची होती, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायची वेळ होती, तेव्हा मी विचारले नाही.