पाण्याकाठचं घर : मांडवा ते रेवदंडा, एक जुना हिशोब

मांडवा, आवास, किहीम, नागाव या पट्ट्यात घर घ्यायचं आणि दारातून उतरून बोटीत पाऊल टाकायचं, ही इच्छा आज मुंबईतल्या बऱ्याच कुटुंबांची असते. पण या किनाऱ्यावर घर कुठे बांधावं आणि गलबत कुठे लावावं, हा प्रश्न काही आजचा नाही. तो चौलच्या व्यापाऱ्यांनी सोडवला, आंग्र्यांनी सोडवला, कोळ्यांनी तर रोजच सोडवला. त्यांची उत्तरं काय होती ते आज पाहू या.

पहिली गोष्ट म्हणजे, जुन्या माणसांनी घर आणि बोट यांच्या जागा वेगळ्या ठेवल्या. समोर उघडा समुद्र असेल तर पावसाळ्यात नैऋत्येचा वारा तिथे नाव टिकू देत नाही. म्हणून बंदरं वसली ती खाडीच्या तोंडाशी किंवा आत. कुंडलिकेच्या मुखाशी चौल-रेवदंडा, अंबेच्या खाडीत रेवस आणि आत धरमतर. आणि घर? आधी पुळण, मग नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या आडोशाला घर. खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे, असा हट्ट कोणी धरला नाही. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली. तो वारा आठवला की आडोशाची ही जुनी ओढ कळते.

आता आंग्र्यांकडे या. कुलाबा किल्ल्याचं काम 1680 मध्ये सुरू झालं आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी तो आपल्या आरमाराचं ठाणं केला. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला तो पाण्यात. उथळ पाण्यात मोठी जहाजं जवळ येऊ शकत नाहीत. आंग्र्यांच्या गलबतांना मात्र हे पाणी ओळखीचं होतं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. म्हणजे उथळ पाणी ही आंग्र्यांची ताकद होती. पण आज ज्याला खोल तळाची यॉट दाराशी लावायचीय, त्याची तीच अडचण आहे! उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी दारात पाणी, दुपारी दारात चिखल. जागा बघायला जाल तर भरतीला जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा, आणि बोट तेव्हा कुठे असेल ते कोळ्याला विचारा.

पाण्याच्या वाटेचा हिशोब करताना एक तारीख विसरता येत नाही. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता आणि या बाजूच्या गावांत सुतक होतं. आजही गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँच आणि कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात. 15 मार्च 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली, गाडीसकट माणूस तासाभरात पोचू लागला आणि मांडव्याच्या आसपासच्या जमिनीकडे लोक नव्या नजरेने बघू लागले. पण स्वतःच्या छोट्या बोटीचा हिशोब वेगळा. तिला वर्षातले काही महिने ओढून वर ठेवावंच लागतं. ती जागा घराच्या नकाशात आहे का, हा प्रश्न आधी विचारायचा.

आता जमिनीकडे वळू. खाडीकाठची पुष्कळ जमीन ही खारजमीन. बांध घालून, खारं पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या भातासाठी कमावलेली. बांध फुटला की शेत परत खाडीचं. ही जमीन कसणारी कुळं खोतांच्या हाताखाली भरडली जात होती. 1933 मध्ये अलिबागजवळ चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. सहा वर्षं शेती पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1948 चा कूळकायदा आला. आज व्यवहाराच्या वेळी ‘तुम्ही शेतकरी आहात का?’ असं विचारलं जातं ना, ते याच कायद्यामुळे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण कसणाऱ्याच्या हातातून जमीन सहज निसटू नये, म्हणून ती अट आहे. तिच्यामागे चरीसारख्या गावांची उपासमार आहे. सातबारा उतारा वाचताना कुळाचं नाव, इतर हक्क, बिनशेतीचा आदेश हे सगळं बघायचं ते म्हणूनच.

शेवटचा भाग भरतीरेषेचा. भरतीरेषेच्या खालची जमीन सरकारची. 1966 च्या जमीन महसूल संहितेत ते स्पष्ट आहे. तुमच्या कुंपणापुढची पुळण तुमची नाही. तिथे कोळ्यांच्या होड्या लागतात, जाळी वाळतात. तिथे खासगी जेटी बांधायची तर मेरीटाईम बोर्ड आणि किनारा नियमन क्षेत्र, दोन्हीकडची परवानगी लागते. किनारा नियमनाची अधिसूचना पहिल्यांदा 1991 मध्ये निघाली, मग 2011 ची, मग 2019 ची. ग्रामीण किनाऱ्यावर साधारण भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामाला बंदी. 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ती 50 मीटरवर आली. खाडीकाठचे आकडे निराळे. तेव्हा मंजूर नकाशावर आपला गटनंबर कुठे पडतो, हेच खरं. नाहीतर काय होतं? किहीमला एका हिरे व्यापाऱ्याचा बेकायदा ठरलेला आलिशान बंगला 8 मार्च 2019 रोजी प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. शेजारी अजून उभा आहे म्हणून आपणही बांधावं, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

मग घर घेऊच नये का? घ्यावं की! पण चौलकरांसारखं घ्यावं. घर थोडं आत, उंचावर, झाडांच्या आडोशाला, चोख कागदांचं. आणि बोट दहा-पंधरा मिनिटांवरच्या चालत्या बंदरात, चार गावकऱ्यांच्या नावांशेजारी. या किनाऱ्यावर तांडेलाला भरतीची वेळ तोंडपाठ असते आणि आपल्याला मोबाईलवर बघावी लागते. हा फरक लक्षात ठेवून त्याच्याशी आधी ओळख करून घ्यावी, जमिनीचा सौदा नंतर.