बायफेजिक शॉक

हृदयाच्या खालच्या कप्प्यांची थरथर थांबवण्यासाठी डिफिब्रिलेटर जो विजेचा धक्का देतो, त्याचा आज सर्वत्र रूढ झालेला प्रकार. यात प्रवाह छातीतून आधी एका दिशेने जातो आणि क्षणार्धात उलटा फिरतो. सगळे १० ते २० मिलिसेकंदांत आटोपते.

या थरथरीला डॉक्टर ‘व्हीएफ’ म्हणतात. तीत स्नायूंचे तंतू आपापल्या तालाने आकुंचन पावतात आणि रक्त पुढे ढकललेच जात नाही. शॉकने हृदय ‘सुरू’ होत नाही. बहुतेक पेशी एकदम उत्तेजित झाल्याने गोंधळ मोडतो आणि हृदयाचा स्वतःचा पेसमेकर पुन्हा ताबा घेतो. मॉनिटरवर सरळ रेघ दिसताच शॉक देणारे सिनेमातले डॉक्टर म्हणूनच चुकतात.

यंत्रातला वीज साठवणारा कपॅसिटर सुमारे २,००० व्होल्टपर्यंत चार्ज होतो. त्याच्या आणि रुग्णाच्या मध्ये चार इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी चालू होते, मग ती बंद होऊन दुसरी; कपॅसिटर तोच, पण छातीतला प्रवाह उलटतो. पहिल्या टप्प्यात बरेचसे काम होते. मात्र काही पेशी अर्धवट उत्तेजित राहतात, त्यांच्या पटलावर उरलेल्या विद्युतभारातून थरथर पुन्हा पेटू शकते. दुसरा, सौम्य टप्पा हा उरलेला भार काढून घेतो, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

१९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी रूढ केलेला एकदिश धक्का ३६० ज्यूलपर्यंत द्यावा लागे. बायफेजिकला साधारण १२० ते २०० ज्यूल पुरतात आणि हृदयाच्या स्नायूला इजाही कमी होते. मॉस्कोत नाउम गुरविच यांनी उलटणाऱ्या प्रवाहाचे यंत्र १९७० च्या सुमारासच बनवले होते. पाश्चात्त्य देशांत छातीबाहेरून वापरायचे असे यंत्र १९९६ मध्ये आले. ज्यूलचा आकडा मात्र कंपनीनुसार वेगळा असतो, कारण तरंगाचा आकार वेगळा. एका यंत्राचे १५० दुसऱ्याच्या २०० पेक्षा कमजोर ठरवणे अडाणीपणाचे. हृदयावर परिणाम करतो तो प्रवाह, आणि तो छातीच्या रोधावर ठरतो. हा रोध बहुतेकांत ७० ते ८० ओमच्या आसपास असतो. यंत्र तो मोजून व्होल्टेज किंवा कालावधी जुळवून घेते.

शॉक किती लवकर मिळतो, हेही तितकेच महत्त्वाचे. पिंपळगाव बसवंतचे उदाहरण घ्या: नाशिकपासून मुंबई-आग्रा महामार्गावर सुमारे ३० किलोमीटर. टोमॅटोच्या हंगामात तिथल्या बाजार समितीच्या आवारात कोणी व्हीएफने कोसळला, तर सीपीआर (छातीदाब) आणि शॉक दोन्ही न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. नाशिकहून मदत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. यंत्र जवळ हवे. बायफेजिकच्या कमी ऊर्जेमुळे ते लहान झाले आणि छोट्या बॅटरीवर चालू लागले. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीचे ‘सनमित्र’ हे डिफिब्रिलेटर वीज नसताना हाताने दांडा फिरवून चार्ज करता येते. भारनियमनाच्या गावांना याचे मोल अधिक.

शॉक देणारे पॅड चिकटवण्याआधी छातीवरचा घाम पुसावा, दाट केस असतील तर भादरावेत. पॅडखाली हवा राहिली तर रोध वाढतो आणि कातडी भाजते. शॉक बसताच नाडी शोधत न बसता लगेच दोन मिनिटे छातीदाब सुरू करायचा.