जिवाणूचे ॲसिटोन

१९१७ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांनी हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बिया पोतीच्या पोती गोळा केल्या. कशासाठी, ते मात्र गुप्त होते.

पहिले महायुद्ध चालू होते. तोफगोळे डागायला लागणारी कॉर्डाइट ही दारू बनवताना ॲसिटोन वापरत. लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे ॲसिटोन पुरत नव्हते. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमान यांना हवेविना वाढणारा एक जिवाणू सापडला होता. पिष्टमय पदार्थ आंबवून तो ब्युटेनॉल, ॲसिटोन व इथेनॉल साधारण ६:३:१ या प्रमाणात तयार करतो. त्याला आधी मका पुरवला. धान्याची टंचाई झाली तेव्हा बिया आठवल्या. पण त्यांतून उत्पादन बेताचेच निघाले.

युद्धानंतर मोटारींच्या रंगासाठी ब्युटेनॉल खपू लागले. पुढे १९५० च्या सुमारास हीच रसायने खनिज तेलापासून स्वस्तात मिळू लागली आणि बहुतेक कारखाने बंद पडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर संशोधक पुन्हा या जिवाणूकडे वळले, आता इंधनासाठी.

जिवाणूचे काम तेच राहिले. बदलले ते तेलाचे भाव. म्हणून जैवइंधनाची बातमी वाचताना आपण विचारू या: या जिवाणूला खायला काय घालणार, आणि ते कोणाच्या ताटातले?