वीस आकडी ग्रह आणि मामा-भाच्याचं भांडण

परवा माळा आवरताना जुन्या व्हिडिओ गेमचा एक रिमोट सापडला. वायर कुरतडलेली, बटणं आत गेलेली. तो हातात घेतला आणि भाच्याशी झालेलं २०१६ सालचं भांडण आठवलं. आमच्या नातेवाईकांपैकी निम्म्यांनी ते जेवणाच्या ताटावरून प्रत्यक्ष ऐकलेलं आहे, आणि उरलेल्यांना ताईने फोनवरून सांगितलेलं आहे. पण त्यामागचा इतिहास कुणालाच माहीत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

तर झालं असं. डिसेंबर २०१३ मध्ये 'नो मॅन्स स्काय' नावाच्या गेमची पहिली झलक अमेरिकेतल्या एका पुरस्कार सोहळ्यात दाखवली गेली. समुद्राच्या तळातून वर या, यानात बसा, ढग फोडून थेट अंतराळात जा, दुसऱ्या ग्रहावर उतरा, आणि हे सगळं मधे कुठेही न थांबता. ही झलक बनवली होती इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावच्या हॅलो गेम्स या चिमुकल्या कंपनीतल्या चार माणसांनी. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांच्या कचेरीत पुराचं पाणी शिरलं आणि बरंच सामान वाहून गेलं. एवढ्याशा लोकांनी एवढं मोठं स्वप्न पाहावं आणि त्यांच्यावर असं संकट यावं! लोक प्रेमात पडले नसते तरच नवल.

गेममध्ये ग्रह किती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. वीस आकडी संख्या. म्हणजे २ चा ६४ वा घात. आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट-दुप्पट ठेवत गेल्याची जी गोष्ट सांगतात, तिच्यातल्या एकूण दाण्यांपेक्षा बरोब्बर एक जास्त! प्रत्येक ग्रहावर एकच सेकंद थांबलात तरी ५८४ अब्ज वर्षं लागतील. अर्थात हे ग्रह कुणी हाताने बनवलेले नव्हते. गणिती सूत्रात एक आकडा घालायचा की त्यातून डोंगर, झाडं, प्राणी, रंग सगळं निघतं. तोच आकडा पुन्हा घातला की तोच ग्रह पुन्हा. त्यामुळे साठवून ठेवण्याची गरज नाही.

हे सगळं मला भाच्याने समजावून सांगितलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा. २०१४ च्या जूनमध्ये सोनीने हा गेम आपल्या मोठ्या मंचावर दाखवला, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये गेमचे कर्ते शॉन मरे अमेरिकेत स्टीफन कोल्बेर यांच्या कार्यक्रमात झळकले. प्रत्येक मुलाखतीत मरेंना विचारायचे, हे असेल का, ते असेल का? आणि ते बिचारे लाजत लाजत होकार द्यायचे. दोन खेळाडू भेटू शकतील का? हो, पण विश्व इतकं अफाट आहे की शक्यता जवळजवळ शून्य. हे 'हो' भाच्याने मनात कोरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अरे, इतकीशी माणसं एवढं सगळं करूच शकत नाहीत." तो म्हणाला, "मामा, तुला कॉन्ट्राच्या पुढचं काही कळतं का?" झालं!

आता थोडं मागे जाऊ. ही भांडणं काही नवी नाहीत.

१९८२ साली अटारी कंपनीने 'ई. टी.' सिनेमावर गेम काढला. नाताळात दुकानात पोचला पाहिजे म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. कंपनीने ढीगभर प्रती छापल्या, ढीगभर परत आल्या, आणि १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डो गावी त्यातल्या काही चक्क कचऱ्यात पुरल्या. २०१४ मध्ये त्या पुन्हा उकरून काढल्या. तोवर बऱ्याच लोकांना ही दंतकथाच वाटत होती.

मग सेगा विरुद्ध निन्टेंडो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेगाने जाहिरातीत निन्टेंडोचं थेट नाव घेऊन चिडवायला सुरुवात केली, आणि १९९१ मध्ये मारिओसमोर सॉनिक उभा केला. अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानांवर पोरं यावरून भांडायची. का? तर घरात एकच यंत्र यायचं. जे आलं तेच चांगलं असायलाच हवं, कारण दुसरं मिळणार नव्हतं. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच हे मांडून ठेवलं होतं: आपण केलेली निवड आणि आपल्याला दिसणारं वास्तव जुळेनासं झालं की मनाला टोचतं, आणि ती टोचणी घालवण्यासाठी माणूस निवड नव्हे, वास्तव बदलू पाहतो. आपल्याकडे बजाज की एलएमएल यावरून रंगलेले वाद आठवा. :-)

२००६ मध्ये जेफ गर्स्टमन या समीक्षकाने 'झेल्डा' मालिकेतल्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेमला १० पैकी ८.८ गुण दिले. ८.८! आमच्या वेळी एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते. पण चाहते खवळले. त्यातल्या कित्येकांनी गेम अजून खेळलेलाही नव्हता. म्हणजे ते गेमची बाजू घेत नव्हते, मनात आधीच खेळून झालेल्या गेमची बाजू घेत होते.

'नो मॅन्स स्काय'च्या बाबतीत हे टोकाला गेलं. गेम २१ जून २०१६ ला यायचा होता. मे महिन्यात जेसन श्रायर या पत्रकाराने तो लांबणार अशी बातमी दिली, तर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दोन दिवसांत कंपनीनेच ऑगस्ट ही तारीख सांगितली, तर धमक्या मरेंनाही आल्या. ज्याच्यावर प्रेम करायचं त्यालाच धमकी!

९ ऑगस्टला गेम आला. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी उभे राहिले, आणि एकमेकांना दिसले नाहीत. संगणकावर सुरुवातीला एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक खेळत होते, ती गर्दी काही आठवड्यांत ओसरली. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या, पण नोव्हेंबरमध्ये संस्थेने जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्वाळा दिला. मरे महिनोन्‌महिने गप्प झाले.

आणि आमच्या घरी? भाच्याने खाऊचे पैसे साठवून आगाऊ नोंदणी केली होती. राखीपौर्णिमेला तो ताईबरोबर आला, तेव्हा पडलेल्या चेहऱ्याने जेवत होता. मी काय करावं? श्रीखंड वाढता वाढता म्हणालो, "मी म्हटलं होतं ना?"

तो ताटावरून उठला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझ्याशी "हो", "नाही", "बरं आहे" याच्या पलीकडे बोलला नाही. ताई मला म्हणाली, "तू बरोबर होतास रे, पण तुला त्याचा आनंद व्हायला नको होता." ते वाक्य अजून टोचतं. तो तीन वर्षं एका गोष्टीची वाट पाहत होता, आणि मी तीन वर्षं ती फसण्याची.

गंमत म्हणजे मीही शेवटी चुकलोच. ती मंडळी पळून गेली नाहीत. त्यांनी काम चालू ठेवलं आणि एकामागून एक भर फुकट दिली. जुलै २०१८ मध्ये खेळाडू खरोखर एकमेकांना दिसू लागले. २०१९ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून गिल्डफर्डच्या कचेरीजवळ आभाराचा मोठा फलक लावला. २०२० मध्ये सातत्याने चालू असलेल्या गेमसाठीचा पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये प्लेस्टेशनवाले आणि संगणकवाले एकत्र खेळू शकतील अशी सोय झाली.

टाळेबंदीचे दिवस होते. भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्या कॉम्प्युटरवर चालेल. घे ना." घेतला. दोन तास चाचपडल्यावर एका जांभळ्या गवताच्या ग्रहावर एक यान उतरलं, त्यातून एक हेल्मेटवाला बाहेर आला आणि माझ्यासमोर हात हलवू लागला.

मी हात हलवायचं बटण शोधत होतो, पण सापडेना. फोनवरच म्हणालो, "दिसलास रे."

"मी म्हटलं होतं ना?" तो म्हणाला, आणि हसला.

यावेळी मी ऐकून घेतलं. असो. रिमोट परत माळ्यावर ठेवला आहे, टाकवत नाही.