जागतिक बँकेच्या कवचाची कुळकथा

वाशिम जिल्ह्यात जागतिक बँक ओळखली जाते ती ‘पोकरा’ या नावाने. २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच पोकरा, सुरू झाला. शेततळं, ठिबक, शेडनेटचं अनुदान थेट खात्यात येऊ लागलं. त्यामागे बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज होतं. हा सावकार मात्र वेगळा. त्याला प्राप्तिकर नाही, त्याच्या दप्तराला हात लावता येत नाही, अंतिम निकालाआधी त्याची मालमत्ता जप्त होत नाही, आणि पदाच्या कामाबद्दल त्याच्या अधिकाऱ्यांना कोर्टात खेचता येत नाही.

हे कवच मुळात राजदूतांचं. संस्थांकडे ते एका नदीवाटे आलं. क्रिमियन युद्धानंतर, १८५६ मध्ये, डॅन्यूबच्या मुखाशी जहाजांची वाट मोकळी ठेवायला अनेक राष्ट्रांनी मिळून आयोग नेमला. त्याची माणसं कुठल्याच एका राजाची नव्हती. मग स्थानिक सत्तेपासून त्यांना राखायचं कुणी? म्हणून १८६५ च्या करारात आयोगाची कामं आणि नोकरवर्ग तटस्थ ठरवला गेला. १९१९ मध्ये राष्ट्रसंघाने आपल्या सनदेच्या सातव्या कलमात असंच संरक्षण घातलं. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला बँकेची घटना ठरली, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. बँकेच्या घटनेतही हे कलम सातवंच!

या सगळ्यांमागची भीती एकच: यजमान सरकार संस्थेला दाबेल. संस्थेच्याच पैशाने गाव भरडलं गेलं तर काय, हा प्रश्न मागे राहिला. तो पुढे आणला बँकेच्या कर्जातून उभ्या राहणाऱ्या सरदार सरोवर धरणाने आणि त्यात बुडणाऱ्या आपल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीने. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रकल्पावर ठपका ठेवणारा अहवाल १९९२ मध्ये आला, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं, आणि सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापलं. कोर्ट नाही, निदान चौकशी. माझ्या मते हे अपुरंच आहे. आयएफसी या बँकेच्या भावकीतल्या संस्थेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या वीज प्रकल्पाने नुकसान झालं म्हणून गुजरातमधल्या मुंद्र्याचे मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आयएफसीचं कवच अभेद्य नाही, असा निकाल त्यांनी २०१९ मध्ये मिळवला, पण पुढे दावा टिकला नाही.

पोकराचं अनुदान अडलं असेल, तर ते राज्याच्या कृषी विभागाचं काम. तिथे हे कवच नाही, बिनधास्त भांडा. बँकेच्या पैशाच्या कामातून गावाचं नुकसान होत असेल, तर दोघांनी मिळून तपासणी मंडळाकडे अर्ज करावा. तो मराठीतही चालतो, आणि नावं गुप्त ठेवा असं सांगता येतं.