आकाशाचे रंग

आकाशाचे रंग : सूर्यप्रकाश वातावरणातून येताना हवेचे रेणू, धूळ व जलबिंदू यांमुळे सर्व दिशांना विखुरतो, या प्रकीर्णनामुळे दिसणारे रंग. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळेच असते.

हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. अशा कणांचे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते, असे लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये दाखवले. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या जवळजवळ सहापट विखुरतो. जांभळा त्याहून अधिक विखुरतो खरा. पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी, आणि आपल्या डोळ्यालाही तो फारसा जाणवत नाही. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणताना दिसणारी सह्याद्रीची निळाईसुद्धा डोंगराची नव्हे, मधल्या हवेची असते.

सूर्य क्षितिजावर टेकतो तेव्हा किरणांना, तो डोक्यावर असतानाच्या मानाने, सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच गळतो. नारिंगी-तांबडा तेवढा पोचतो. मुंबईच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या लाल सूर्याचा निळा वाटा पश्चिमेला, अरबी समुद्रावरच्या अजून उजेड असलेल्या आकाशात खर्ची पडलेला असतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर वर उडालेल्या सूक्ष्म कणांनी जगभर कित्येक महिने संध्याकाळ भडक लाल केली. सूर्य मावळल्यावर माथ्यावर उरणारी गडद निळाई मात्र मुख्यतः ओझोनची करामत : तो नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो. एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ मध्ये हे मांडले, तोवर सगळे श्रेय रॅली प्रकीर्णनालाच मिळत होते.

समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅली मानत. १९२१ च्या समुद्रप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल लोलकातून भूमध्य समुद्र न्याहाळला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चमक लोलकाने वगळूनही निळा उरलाच. म्हणजे पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे त्यांनी ताडले. याच धाग्याने ते १९२८ च्या रामन परिणामापर्यंत गेले.

ढगातील थेंब तरंगलांबीहून बरेच मोठे असल्याने सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरे. मंगळावर हवा विरळ आणि लोहयुक्त धूळ फार. तिथे आकाश दिवसा पिवळट-तपकिरी असते आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रभा दिसते.